चित्रपुस्तके का टिकतात : एका प्रश्नाचा आढावा

न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या १२५व्या वर्षाच्या निमित्ताने २०२०च्या जानेवारीत, वाचकांनी तेथून आजवर सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या दहा पुस्तकांची यादी जाहीर केली. तिच्यात जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ ही कादंबरी तिसऱ्या क्रमांकावर होती आणि पहिल्या क्रमांकावर एझ्रा जॅक कीट्स या चित्रकार-लेखकाचे ‘द स्नोई डे’ हे १९६२ सालचे चित्रपुस्तक होते. बर्फ पडलेल्या सकाळी एक लहान मुलगा घराबाहेर पडतो, बर्फात पावले उमटवत हिंडतो आणि घरी परततो, जवळजवळ एवढेच त्यात घडते. मॉरिस सेंडाक यांचे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) आणि एरिक कार्ल यांचे ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ (१९६९) ही चित्रपुस्तकेही त्याच यादीत होती. चित्रपुस्तक लवकर वाचून होते आणि लवकर परत येते, त्यामुळे त्याची नोंद कादंबरीपेक्षा अधिक वेळा होते हे खरे. तरीही या साठ वर्षांत मुलांच्या पिढ्या बदलल्या, छपाईची तंत्रे बदलली, दूरचित्रवाणी आणि तिच्या मागोमाग मोबाइल घराघरांत आला, आणि तीच पाने तितक्याच उत्सुकतेने उघडली जात राहिली, याचा उलगडा तेवढ्या हिशेबाने होत नाही. कोणत्याही वर्षी प्रसिद्ध होणाऱ्या बालपुस्तकांपैकी बहुतेक पुस्तके थोड्याच काळात विस्मरणात जातात. मग काही मोजकी पुस्तके इतकी दीर्घायुषी का ठरतात, या प्रश्नाला कलासमीक्षकांनी, मानसशास्त्रज्ञांनी, ग्रंथपालांनी आणि मुद्रणाच्या इतिहासकारांनी आपापल्या परीने उत्तरे दिली आहेत, आणि ती शेजारी शेजारी ठेवून तपासली असता त्यांतील काही अपुरी तर काही एकमेकांना पूरक असल्याचे दिसते.

चर्चेच्या सोयीसाठी एक भेद आधीच स्पष्ट केला पाहिजे. सचित्र पुस्तकात मजकूर स्वतःच्या बळावर उभा असतो आणि चित्र त्यातला एखादा प्रसंग डोळ्यांपुढे आणते, त्यामुळे चित्र काढून घेतले तरी गोष्ट कळते. चित्रपुस्तकात मात्र अर्थ शब्द आणि चित्र या दोहोंत वाटून दिलेला असतो, इतका की त्यातला नुसता मजकूर कोणी मोठ्याने वाचला तर ऐकणाऱ्याला गोष्टीचा निम्मा भागही हाती लागू नये. कोमेनियस या मोरावियन शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे काढलेले ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे लॅटिन-जर्मन पाठ्यपुस्तक मुलांसाठीच्या सचित्र पुस्तकांचे आद्य उदाहरण म्हणून सांगितले जाते. वस्तूचे चित्र, त्यावरचे क्रमांक आणि त्या क्रमांकांप्रमाणे दिलेली नावे अशी त्याची रचना होती. मराठी घरांतली अंकलिपी हे त्याच कुळातले पुस्तक म्हणता येईल. या कुळात चित्र ओळख पटवण्याचे काम करते, आणि ओळख एकदा पटली की त्या चित्राचे काम संपते. चित्रपुस्तकातील चित्राचे काम तेथून सुरू होते. अमेरिकन अभ्यासक बार्बरा बेडर यांनी १९७६च्या आपल्या ग्रंथात चित्रपुस्तक ही कलाकृती आहे, बाजारातली वस्तू आहे, समाजाचा दस्तऐवज आहे आणि या सर्वांपेक्षा अधिक म्हणजे मुलाला येणारा अनुभव आहे, अशा आशयाची व्याख्या केली. पुढच्या बहुतेक विवेचनाला तिचा आधार मिळाला आहे.

टिकाऊपणाचे सर्वांत प्रचलित उत्तर स्मरणरंजनाचे आहे: आईवडील आपल्या लहानपणीची पुस्तके आपल्या मुलांना देतात, म्हणून ती पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या विकली जातात. खरेदी मोठ्यांच्या हाती असल्यामुळे या उत्तरात तथ्य आहे, परंतु ते फार दूर जात नाही. मोठ्यांच्या आठवणीने पुस्तक घरात येते, त्या आठवणीने मूल मात्र ते पुन्हा उघडत नाही. आणि मुलाने नाकारलेले पुस्तक तिसऱ्या पिढीपर्यंत पोचण्याची शक्यता फारशी उरत नाही. दुसरे उत्तर सौंदर्याचे आहे. चित्रे सुंदर म्हणून पुस्तक टिकते, हे वरवर पाहता निर्विवाद वाटते, पण इतिहास त्याला पुरती साक्ष देत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमध्ये भेटपुस्तकांची मोठी लाट आली होती. आर्थर रॅकहॅम आणि एडमंड ड्युलाक यांच्यासारख्या असामान्य चित्रकारांची रंगीत चित्रे वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून जाड पानांवर चिकटवली जात, त्यांवर पातळ कागदाचे आवरण असे आणि मर्यादित प्रतींवर चित्रकाराची सही असे. रॅकहॅम यांचे ‘पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स’ (१९०६) हे त्यातले गाजलेले उदाहरण. सौंदर्यात ही चित्रे कोणत्याही चित्रपुस्तकाच्या तोडीस तोड आहेत. तरीही ती प्रामुख्याने संग्राहकांच्या कपाटांत आणि लिलावगृहांच्या सूचींत जिवंत राहिली, कारण त्या पुस्तकांत चित्र हा मजकुरापासून सुटा काढून पाहण्याचा नजराणा होता आणि हात धुऊन, जपून, मोठ्यांच्या देखरेखीखालीच तो मुलासमोर येत असे.

त्याच देशात त्याआधी पंचवीस वर्षे घडलेली गोष्ट याच्या अगदी उलट आहे. एडमंड इव्हान्स या लंडनच्या मुद्रकाने लाकडी ठशांवरून अनेक रंगांत छापण्याचे तंत्र इतके सफाईदार केले होते की एका शिलिंगात मुलांना चांगले रंगीत पुस्तक देता येईल असा त्याला विश्वास वाटू लागला. त्याने वॉल्टर क्रेन, केट ग्रीनअवे आणि रँडॉल्फ कॉल्डकॉट या तीन चित्रकारांना हाताशी धरले. ग्रीनअवे यांच्या ‘अंडर द विंडो’ (१८७९) या पुस्तकाच्या वीस हजार प्रती त्याने पहिल्याच खेपेला छापल्या, तेव्हा तो बुडणार असे जाणकारांना वाटले होते. पण त्या प्रती हातोहात संपल्या. या तिघांत चित्रपुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम कॉल्डकॉट यांचे आहे. १८७८ ते १८८५ या काळात दरवर्षी दोन याप्रमाणे त्यांनी सोळा पुस्तके केली आणि त्यांसाठी त्यांनी बहुधा सर्वांना पाठ असलेली बालगीते व जुन्या कविता निवडल्या. शब्द आधीच ठाऊक असल्यामुळे तेच पुन्हा चित्रात सांगण्याचे कारण उरले नव्हते, आणि कॉल्डकॉट यांनी ती मोकळीक पुरेपूर वापरली. ताटली चमच्याबरोबर पळून गेल्याचे सांगून संपणारे एक इंग्रजी बडबडगीत आहे. कॉल्डकॉट यांच्या १८८२च्या पुस्तकात गीत संपल्यावरही एक पान उरते, आणि त्या पानावर ताटलीचे तुकडे होऊन पडलेले आहेत व चमचीला तिचे आईबाप, म्हणजे काटा आणि सुरी, हाताला धरून घरी नेत आहेत. मजकुरात या शोकांतिकेचा मागमूस नाही. आनंदी तालाखाली दडलेले हे दुःख मुलाला कोणी सांगत नाही. ते त्यालाच सापडते. मॉरिस सेंडाक यांनी आधुनिक चित्रपुस्तकाचा उगम कॉल्डकॉट यांच्यापाशी मानला तो याच प्रकारच्या जागांमुळे, आणि हा निर्णय योग्य मानावा लागतो. अमेरिकन ग्रंथालय संघटना १९३८पासून उत्कृष्ट चित्रपुस्तकासाठी जे पदक देते, ते कॉल्डकॉट यांच्याच नावाचे आहे.

शब्द आणि चित्र यांच्यातली ही फट किती रुंद असू शकते, याचा बहुधा सर्वांत शुद्ध नमुना पॅट हचिन्स यांचे ‘रोझीज वॉक’ (१९६८) हा आहे. या पुस्तकाचा सबंध मजकूर म्हणजे ३२ शब्दांचे एकच वाक्य असून त्यात रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते, शेतवाडीभर फेरी मारते आणि जेवणाच्या वेळेला परतते, एवढेच सांगितले आहे. चित्रांत मात्र तिच्या मागे पहिल्यापासून एक कोल्हा लागलेला असतो आणि प्रत्येक झेपेला त्याची फजिती होते. कोल्ह्याचा उल्लेख मजकुरात एकदाही येत नाही. वाचून दाखवणारा प्रौढ निर्विकारपणे कोंबडीच्या फेरीविषयी बोलत असतो आणि मांडीवरचे मूल त्याला कोल्हा दाखवायला धडपडत असते, कारण त्या घटकेला पुस्तकाचा मोठा भाग मुलाच्या ताब्यात असतो. मारिया निकोलाजेवा आणि कॅरोल स्कॉट यांनी २००१च्या आपल्या अभ्यासग्रंथात शब्द-चित्रांच्या अशा संबंधांचे वर्गीकरण केले आहे: दोघे एकच सांगतात, एकमेकांची उणीव भरून काढतात, एकमेकांना समृद्ध करतात किंवा एकमेकांच्या विरोधात जातात. वर्गीकरण उपयुक्त आहे, पण या प्रश्नापुरते त्यातून निघणारे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. ज्या पुस्तकांत दोघे एकच सांगतात ती पुस्तके सहसा लवकर जुनी होतात.

येथे मुलाच्या नजरेविषयी झालेले प्रयोग विचारात घ्यावे लागतात. ज्युडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की नऊ महिन्यांची बाळे चित्रातली वस्तू खरी समजल्यासारखी तिला हात लावतात, ती उचलू पाहतात, आणि साधारण दीड वर्षाच्या सुमारास त्याच चित्राकडे बोट दाखवू लागतात. म्हणजे चित्र हे वस्तूचे चिन्ह आहे ही समज जन्मतः नसून चित्रांच्या सहवासात घडत जाते. शाळेत जाण्याआधीच्या वयातील मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या, मेरी अ‍ॅन एव्हान्स आणि जाँ सँ-ओबँ यांच्या २००५च्या अभ्यासात असे आढळले की गोष्ट वाचून दाखवली जात असताना मुलांची दृष्टी जवळजवळ सर्व वेळ चित्रावर असते आणि अक्षरांकडे ती क्वचितच वळते. मोठ्या माणसाची दृष्टी साहजिकच ओळींवरून धावत असते. एकाच पुस्तकाचे एकाच वेळी दोन वाचक, त्यातला एक शब्दांचा आणि दुसरा चित्रांचा, ही परिस्थिती अन्य कोणत्याही वाङ्मयप्रकारात उद्भवत नाही. ज्याला वाचता येत नाही तोच येथे अधिक पाहतो. एव्हलिन अरिझ्पे आणि मोराग स्टाइल्स यांनी अँथनी ब्राउन यांच्यासारख्या चित्रकारांची पुस्तके घेऊन इंग्लंडमधील शाळांत केलेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाचन न येणारी किंवा वाचनात मागे असलेली मुलेही चित्रातील रंग, नजरा, लपलेले तपशील आणि त्यांमागचे भाव यांविषयी सखोल बोलताना दिसली. घरात, शाळेत, रस्त्यावर सर्वत्र मोठ्यांपेक्षा कमी जाणणाऱ्या मुलाला ज्या ठिकाणी आपले पाहणे सरस ठरते, त्या ठिकाणी त्याने वारंवार जावे हे समजण्यासारखे आहे, आणि चित्रपुस्तकाच्या दीर्घायुष्याचे मूळ येथेच शोधावे लागेल.

वारंवार जाणे हा शब्दप्रयोग येथे अगदी शब्दशः घ्यायचा आहे. लहान मूल एकच पुस्तक दिवसेंदिवस वाचून घेते, हा घराघरांतला अनुभव असून मोठ्यांना त्याचा कंटाळा येतो. परंतु जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, तेच नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकणाऱ्या मुलांपेक्षा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणारी मुले ते शब्द अधिक चांगले शिकली. चित्रपुस्तकांतील शब्दांच्या विविधतेविषयीही एक महत्त्वाची नोंद आहे. जेसिका मॉन्टॅग यांच्या २०१५च्या अभ्यासात शंभर चित्रपुस्तकांतील भाषेची मुलांशी होणाऱ्या रोजच्या बोलण्याशी तुलना केली, तेव्हा पुस्तकांत निरनिराळ्या शब्दांचे प्रमाण जास्त आढळले. अर्थात पुनरावृत्ती लाभदायक आहे म्हणून मूल ती मागत नाही. पुस्तकात दर वेळी काहीतरी हाती लागते म्हणून ते मागते. मार्गारेट वाइज ब्राउन यांच्या शब्दांचे आणि क्लेमंट हर्ड यांच्या चित्रांचे ‘गुडनाइट मून’ (१९४७) पहिल्या वाचनात झोपी जाणाऱ्या एका सशाच्या पिल्लाने खोलीतल्या वस्तूंचा निरोप घेणे एवढेच वाटते. दहाव्या वाचनात लक्षात येते की खोलीच्या प्रत्येक रंगीत चित्रात एक उंदीर निराळ्या जागी बसलेला आहे, घड्याळाचे काटे सातपासून आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत सरकत आहेत आणि खोली पानागणिक थोडी थोडी अंधारत आहे. हर्ड यांनी हे तपशील कोठेही अधोरेखित केलेले नाहीत. घाईने पाहणाऱ्याला ते दिसणार नाहीत, अशीच त्यांची योजना आहे.

चित्रपुस्तकाच्या शरीराचाही विचार या संदर्भात करावा लागतो, कारण त्याची कला कागदाच्या घडीतून जन्मली आहे. छापखान्यात एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना पाने छापून, घड्या घालून व कापून जो गठ्ठा तयार होतो त्याला फर्मा म्हणतात. फर्म्यातील पाने आठ, सोळा, बत्तीस अशा पटीत येत असल्यामुळे जगभरच्या चित्रपुस्तकांचा आकार प्रामुख्याने ३२ पानांवर स्थिरावला. मुखपृष्ठामागची कोरी किंवा सजवलेली पाने, शीर्षक आणि प्रकाशनाचा तपशील वजा जाता गोष्टीसाठी बारा-चौदा जोडपाने उरतात. समोरासमोरची डावी-उजवी दोन पाने मिळून जो एक सलग अवकाश होतो त्याला येथे जोडपान म्हटले आहे. या मर्यादेचा उपयोग सेंडाक यांनी ज्या ताकदीने केला त्याला तोड नाही. त्यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये खोड्या करणाऱ्या मॅक्सला उपाशी खोलीत पाठवले जाते तेव्हा चित्र पानाच्या मधोमध, भोवती भरपूर कोरी जागा ठेवून, लहानसे छापलेले आहे. खोलीत जंगल उगवू लागते तसतसे चित्र वाढत जाते, कोरी जागा गिळते, शेजारच्या पानावर सरकते, आणि राक्षसांचा धुमाकूळ सुरू होतो तेव्हा सलग तीन जोडपाने चित्राने काठोकाठ भरून जातात. तेथे शब्द एकही नाही. मग चित्र पुन्हा आकसते आणि अखेरच्या पानावर, जेवण अजून गरम असल्याचे सांगताना, चित्र नाहीसे होऊन फक्त शब्द उरतात. मुलाचा राग वाढतो कसा आणि ओसरतो कसा, हे या पुस्तकात कोरी जागा सांगते. असे पुस्तक ज्याने चारशेहून कमी शब्दांत उभे केले त्याची गणना विसाव्या शतकातील श्रेष्ठ कलावंतांत करायला हरकत नसावी. पान उलटण्याच्या क्षणी पुढे काय असेल याची मुलाला वाटणारी ओढ, जिला बेडर यांनी नाट्याचा दर्जा दिला, ती पुस्तक पाठ झाल्यावरही ओसरत नाही, कारण तो क्षण प्रत्येक वेळी मुलाच्या हातून घडतो.

मुलाच्या हातून काही घडण्याचा परिणाम पडद्यावरील चित्रगोष्टींच्या बाबतीतही तपासण्यात आला आहे. अनेक प्रयोगांच्या निष्कर्षांचा एकत्रित विचार करणाऱ्या २०१५च्या एका अभ्यासानुसार, गोष्टीला धरून असलेली हालचाल व ध्वनी मुलांना गोष्ट समजायला मदत करतात, मात्र बोट लावताच काहीतरी घडवणाऱ्या क्लृप्त्या आणि खेळ त्यांचे लक्ष विचलित करतात. पडदा त्याज्य ठरवण्याइतका हा निष्कर्ष टोकाचा नाही. छापील पान स्तब्ध असते आणि त्यावर नजर कोठे न्यायची हे मुलाला ठरवू देते, हे त्याचे बलस्थान मात्र त्यातून स्पष्ट होते.

कलेची ही सर्व कारणे मान्य केली तरी पुस्तक मुलापर्यंत पोचल्याशिवाय ते टिकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि पोचण्याची कथा मुख्यतः छपाई आणि किंमत यांची आहे. बिआट्रिक्स पॉटर यांनी १८९३ मध्ये एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रातून ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ जन्मले. प्रकाशक मिळेना म्हणून त्यांनी १९०१च्या अखेरीस स्वखर्चाने २५० प्रती छापल्या आणि १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने त्या वेळी नव्या असलेल्या त्रिरंगी छपाईत ते काढले. लहान हातांत मावेल इतका आकार आणि लहानांच्या ऐपतीत बसेल इतकी किंमत, या दोन गोष्टींवर पॉटर अडून राहिल्या होत्या. त्यांच्या सशाने कोट घातलेला असला तरी त्याच्या हाडांची आणि सांध्यांची ठेवण अचूक आहे, कारण त्यांनी वर्षानुवर्षे प्राणी आणि अळंबी शास्त्रज्ञाच्या काटेकोरपणाने रेखाटली होती. कोट गळून पडतो तेव्हा पीटर क्षणात खराखुरा घाबरलेला ससा होतो, आणि ते मुलाला पटते. कार्ल यांच्या सुरवंटाची कहाणीही छापखान्यावर येऊन थांबली असती. वाढत्या रुंदीची पाने आणि त्यांतून आरपार जाणारी भोके अमेरिकेत परवडण्याजोग्या खर्चात करून देणारा मुद्रक मिळाला नाही, तेव्हा संपादक अ‍ॅन बेनेड्यूस यांनी जपानमधील मुद्रक शोधला. साठांहून अधिक भाषांत गेलेले आणि पाच कोटींहून अधिक प्रती खपलेले हे पुस्तक त्यामुळे अस्तित्वात आले. भाषांतरांमागेही एक साधी तांत्रिक युक्ती आहे: रंगीत चित्रे सर्व भाषांसाठी एकदाच छापायची आणि मजकुराचा काळा रंग तेवढा भाषेप्रमाणे बदलायचा, म्हणजे मोठा खर्च अनेक प्रकाशकांत वाटला जातो. बोलोन्या येथे १९६४पासून भरणाऱ्या बालपुस्तक मेळ्यातील बराच व्यवहार अशा सहप्रकाशनांचा असतो.

स्वस्ताईचा सर्वांत धाडसी प्रयोग सोव्हिएत रशियाने केला. १९२०च्या दशकात व्लादिमिर लेबेदेव यांच्यासारख्या अग्रगण्य चित्रकारांनी सामुइल मार्शाक यांच्या कवितांसाठी शिळाछपाईची पातळ, ठसठशीत आकारांची पुस्तके केली. पश्चिम युरोपातील प्रकाशकांचे डोळे त्यांनी दिपले आणि नोएल कॅरिंग्टन यांनी १९४० मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या पफिन चित्रपुस्तकमालेला त्यांतून प्रेरणा मिळाली. पुढे मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनसंस्थांनी बालपुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत भाषांतरित करून अत्यल्प किमतीत उपलब्ध केली. बर्फ, बर्च वृक्ष आणि अस्वले यांच्याशी कधीही संबंध न आलेल्या महाराष्ट्रातील मुलांनी ती आपलीशी केली, आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळून ती यायची थांबल्यावर आज मध्यमवयीन झालेले वाचक ती जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधत राहिले. परिचित परिसर असेल तरच मूल पुस्तकाशी जोडले जाते, या सरसकट समजुतीला हा अनुभव छेद देतो.

परिचित परिसराची गरज मात्र त्यामुळे खोटी ठरत नाही. भारतात नॅशनल बुक ट्रस्ट आणि व्यंगचित्रकार शंकर यांनी स्थापन केलेला चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था १९५७ सालच्या. पुलक विश्वास, मिकी पटेल, जगदीश जोशी यांच्यासारख्या चित्रकारांना त्यांच्यामुळे मुलांसाठी काम करता आले आणि नेहरू बाल पुस्तकालय या मालेमुळे एकच चित्र अनेक भारतीय भाषांतील मुलांनी पाहिले. मराठीत माधुरी पुरंदरे यांचे काम या दृष्टीने केंद्रस्थानी येते, कारण शब्द आणि चित्र दोन्ही एकाच हाताचे असल्यामुळे कोणते काम कोणाकडे सोपवायचे याचा निर्णय त्यांच्या पुस्तकांत आतूनच झालेला असतो. ‘राधाचं घर’ या संचात किंवा ‘यश’च्या गोष्टींत मराठी घराचे तपशील, माणसांच्या बसण्या-उठण्याच्या लकबी, पसारा, कंटाळा आणि रुसवा चित्रांतून इतक्या नेमकेपणाने येतात की मजकुराला त्यांचा उच्चार करावा लागत नाही, तर ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या ‘चित्रवाचन’मध्ये मजकूर बाजूला ठेवून सबंध गोष्ट पाहणाऱ्यावर सोपवली आहे. साहित्य अकादमीने २०१४ मध्ये त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. चेन्नईच्या तारा बुक्सने वारली चित्रकार रमेश हेंगाडी आणि शांताराम धडपे यांच्या सहभागातून केलेले ‘डू!’ हे क्रियापदांचे पुस्तक आणखी निराळ्या वाटेने जाते. वारली चित्रात मुख्य पात्र आणि पार्श्वभूमी असा भेद नसतो. दळणारी, नाचणारी, मासे धरणारी माणसे सर्व पानभर सारख्याच मोलाने पसरलेली असतात, आणि चित्रात भटकत राहण्याची मुलाची सवय तिथे जणू आधीपासूनच गृहीत धरलेली आहे. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती या गोंड कलावंतांचे ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ (२००६) काळ्या हातकागदावर हाताने छापले गेले आणि जगभर नावाजले गेले. तरीही अशी पुस्तके मराठी मुलाच्या हाती सहजी पडत नाहीत. चेन्नईचे तुलिका प्रकाशन मराठीतही चित्रपुस्तके काढते आणि प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या उपक्रमातून अनेक भारतीय भाषांतील चित्रगोष्टी मुक्त परवान्याने मिळतात, परंतु गावातल्या वाचनालयात मुलांच्या उंचीचे कपाट असणे ही अजूनही दुर्मिळ गोष्ट आहे, आणि कॉल्डकॉटपासून कार्लपर्यंत सर्वांना ज्या कपाटाने जगवले त्याला पर्याय नाही.

ग्रंथालये जगवतात तशी ती अडवूही शकतात. ‘गुडनाइट मून’ त्या दहांच्या यादीत नाही, याचे कारण न्यूयॉर्कच्या त्याच ग्रंथालयातील बालविभागाच्या प्रभावी ग्रंथपाल अ‍ॅन कॅरोल मूर यांना ते आवडले नव्हते आणि १९७२पर्यंत ते तेथे ठेवलेच गेले नाही. सेंडाक यांच्या पुस्तकावर मानसशास्त्रज्ञ ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६९ मध्ये, पुस्तक स्वतः न वाचता मातांकडून ऐकलेल्या वर्णनावरून, उपाशी झोपवण्याच्या शिक्षेने मुले भयभीत होतील असा आक्षेप घेतला होता. दोन्ही प्रसंगांत मोठ्यांनी मुलाच्या वतीने घेतलेला निर्णय मुलांनी पुढे निकालात काढला. आशयावरचे सर्वच आक्षेप असे फेटाळता येत नाहीत. हेलन बॅनरमन यांनी भारतात राहत असताना लिहिलेले ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’ (१८९९) रचनेने चपखल असूनही त्यातील चित्रांनी व नावांनी कृष्णवर्णीय मुलांचा पिढ्यान्‌पिढ्या अपमान केला, आणि ते कपाटांवरून उतरले हे न्याय्यच झाले. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये १९६२ ते १९६४ या काळातल्या ५,२०६ बालपुस्तकांची पाहणी केली तेव्हा एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र असलेल्या पुस्तकांचे प्रमाण अवघे ६.७ टक्के निघाले. कीट्स यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकातून १९४० मध्ये कापून ठेवलेली एका कृष्णवर्णीय बालकाची छायाचित्रे वीस वर्षांहून अधिक काळ जपली होती आणि त्यांवरून त्यांनी ‘द स्नोई डे’मधला पीटर हा मुलगा घडवला. मजकुरात त्याच्या वर्णाचा शब्दानेही निर्देश नाही, आणि याबद्दल लॅरिक यांनी त्यांना दोषही दिला. परंतु या पुस्तकाचे बळ त्या मौनात असल्याचे आज दिसते. वर्ण चित्रात आहे, बर्फाचा आनंद शब्दांत आहे, आणि दोन्ही एकत्र पाहणाऱ्या मुलाला त्यांत विसंगती वाटण्याचे कारणच राहत नाही.

चित्रपुस्तकाला कला म्हणून मिळालेली अलीकडची मान्यता संग्रहालयांच्या रूपाने दिसते. ‘तोत्तोचान’मधील चित्रांमुळे मराठी वाचकांनाही परिचित असलेल्या चिहिरो इवासाकी यांच्या स्मरणार्थ १९७७ मध्ये टोकियोत उभे राहिलेले संग्रहालय चित्रपुस्तकांच्या कलेला वाहिलेले जगातले पहिले संग्रहालय मानले जाते, आणि जपानमधील अशा संग्रहालयांपासून प्रेरणा घेऊन कार्ल यांनी २००२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमहर्स्ट येथे तसेच एक संग्रहालय स्थापले. मूळ चित्रे तेथे जपली जातात हे फार मोलाचे आहे, कारण छापखान्यातून परत न आलेल्या मूळ चित्रांची हानी भरून निघत नाही. मात्र भिंतीवर चौकटीत लावलेले ‘रोझीज वॉक’चे एखादे चित्र अर्धवटच राहते: त्याच्या आधीचे पान दिसत नाही, ते उलटता येत नाही आणि शेजारी कोणी वाचत नसते. या कलाप्रकारात मूळ चित्र हा छपाईसाठीचा कच्चा खर्डा आणि हजारोंनी छापलेली प्रत हीच खरी कलाकृती ठरते. म्हणूनच अ‍ॅमहर्स्टच्या संग्रहालयात दालनांच्या जोडीला एक वाचनकक्ष ठेवलेला आहे आणि तेथील पुस्तके मुलांनी हाताळण्यासाठी खुली आहेत.